उंबरावरच्या बुरशीचा भाद्रपद

भाद्रपद आला की माझं डोकं फिरतं. लोकांच्या घरी गणपती येतात, गौरी येतात, मोदकाच्या पाऱ्या जाड झाल्या की पातळ यावरून घराघरांत गोड भांडणं होतात. मला मात्र ओल्या लाकडाचा वास आला की कुणाशी तरी खरंखुरं, कडाडून भांडावंसं वाटतं. कालचीच गोष्ट. अंगणातला शेवगा मागच्या वर्षी वाऱ्यानं पडला, त्याचं खोड कंपाउंडच्या कडेला तसंच पडून आहे. सकाळी बघते तर त्याच्यावर पांढऱ्या कानांची रांग उगवलेली. कामवाल्या मंगलनं झाडू उगारलाच होता. "हात लावू नकोस!" असं मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारचे आजोबा गॅलरीत आले. ती बुरशी अगदीच साधी होती, कुठल्याही कुजक्या खोडावर दिसणारी. पण सवय जाते का?

बुरशी हा विषयच मुळात माणसाचा अंत पाहणारा. माझ्या विभागातली मंडळी झाडांवर काम करायची. झाड बिचारं एका जागी उभं असतं, आज नाही तर उद्या जा, चैत्रात जा, पौषात जा, ते काही रागावून निघून जात नाही. आमची ही लाकडावरची बुरशी वर्षभर लाकडाच्या आत धाग्यांच्या रूपानं लपलेली असते आणि भाद्रपदात चार दिवस बाहेर तोंड काढते. तेही तिची मर्जी असली तर. पाऊस कमी झाला, नाही उगवली. जास्त झाला, कुजली. वेळेवर उगवली तर गोगलगायींनी खाल्ली. शनिवारी कॉलेजात परीक्षेचं काम लागलं म्हणून सोमवारी गेलं, तर कडक झालेली. मग या पुढच्या भाद्रपदात! असलं हे काम मी आयुष्यभराचं म्हणून का पत्करलं, हे विचारायला आता उशीर झालाय, आणि विचारलं तरी उत्तर एकच आहे. देवरे सर.

सर मूळचे देवळ्याकडचे. कांद्याच्या शेतातून उठून शिकले आणि नाशिकला आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आले. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे त्याच विभागात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून शिकवायला लागले, तरी त्यांच्या लेखी मी कायम तिसऱ्या बाकावरची नलिनीच राहिले. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात भिंग. वर्गात शुद्ध बोलायचे. चिडले की मात्र थेट अहिराणीवर घसरायचे. म्हणजे तसे रोजच घसरायचे.

नव्वदीतली गोष्ट. मखमलाबाद रस्त्याला इंदूबाईंचा मळा होता. झेंडू, शेवंती, बांधाला थोडी मेथी-कोथिंबीर. मळ्याच्या टोकाला विहीर आणि विहिरीजवळ एक अर्धा वाळलेला उंबर. उंबराखाली दत्ताच्या पादुकांचा छोटासा चौथरा. सर तिथं फुलांवरचा कसलासा रोग बघायला गेले होते. परत येताना त्यांची नजर उंबराच्या मेलेल्या खोडावर गेली. भिंतीत ठोकलेल्या फळीसारखी एक बुरशी बाहेर आलेली. वरून कॉफीच्या रंगाची, चकचकीत, खालून पांढरीशुभ्र. खालच्या बाजूला बोट लावलं की तिथं तपकिरी ठसा उमटायचा. सरांनी ती चाकूनं सोडवली आणि रुमालात गुंडाळून कॉलेजात आणली. "नलिनी, इकडे ये," म्हणाले, "आणि आधी हात धुऊन ये."

दाढीच्या ब्लेडनं तिचा कांद्याच्या पापुद्र्याएवढा काप घ्यायचा, काचपट्टीवर ठेवायचा, रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. मला पहिल्या दिवशी नुसता गढूळ रस्सा दिसला. सरांना मात्र त्यात बीजाणू दिसत होते, त्या बीजाणूंना बारीक काटे दिसत होते, आणि एका अंगाला खांदा उडवल्यासारखा उंचवटा दिसत होता. गरावर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला की या गोतातल्या बाकी सगळ्या बुरशा काळ्या पडतात. ही आधी जांभळट व्हायची, मग हळूहळू काळी. "कोणत्याच पुस्तकात असं लिहिलेलं नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज तेव्हा इतका हलका झाला होता, की मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये.

ही नवी प्रजाती आहे, असं सरांनी लिहून पाठवलं. परीक्षकानं परतीच्या टपालानं कळवलं, की हा ठाऊक असलेल्या प्रजातीचाच थोडा वेगळा नमुना वाटतो, रंगातला फरक वयामुळे पडला असेल आणि काट्यांबद्दल आपली खात्री पटत नाही. झालं! सर आठवडाभर सूक्ष्मदर्शकाला चिकटून बसले. मग एक दिवस स्टाफरूममध्ये चहाचा कप आदळून म्हणाले, "मना डोया काय खोटं बोलतस?" सगळे दचकले. माझे डोळे काय खोटं बोलतात का, एवढंच ते विचारत होते. पण आमच्यापैकी कुणालाच ते काटे नीट दिसत नव्हते. ते दिसायला सरांच्या डोळ्यांची सवय हवी होती.

मग वर्षं गेली. सर निवृत्त झाले. सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला बुरशीच्या आतला डीएनए वाचायचं नवं तंत्र आलं. प्रत्येक पेशीत चार अक्षरांची एक लांबच लांब ओळ असते. तिच्यातला एक ठरावीक तुकडा प्रजातीगणिक बदलतो. तो तुकडा वाचायचा आणि जगभरच्या साठ्याशी ताडून बघायचा. जुळला तर जुनी, नाही जुळला तर नवी. आता म्हणे बाहेरून कितीही वर्णन करा, हा आतला पुरावा जोडला नाही तर कुणी दारात उभं करत नाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत माझी मैत्रीण वासंती हेच काम करायची. मी आनंदानं तिला फोन केला, की अगं, आमच्याकडे नव्वदीतला नमुना बरणीत सुरक्षित आहे.

"कशात ठेवलाय?"

"फॉर्मॅलिनमध्ये."

"मग फेकून दे," वासंती म्हणाली. "फॉर्मॅलिननं आतलं सगळं तुटतं. त्यातून काही वाचता येत नाही."

म्हणजे बघा. त्या काळी सगळे जीव तोडून जे नियमानं करत होते, बरणी धुऊन, द्रावण मोजून, झाकणाला मेण लावून, त्यानंच पुरावा मारून टाकला होता. नमुन्याचा दुसरा अर्धा भाग वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवला होता, तो डांबरगोळ्यांना न जुमानता किड्यांनी फस्त केला होता. पाकिटात उरला होता तपकिरी भुसा. सरांना हे सांगायला मी गेले तेव्हा ते डोळ्यांत थेंब घालून आडवे पडले होते. काचबिंदू. उजवा डोळा जवळजवळ गेला होता, डावा कडेकडेनं मिटत चालला होता. "नळीतून बघितल्यासारखं दिसतं," ते म्हणाले. "सूक्ष्मदर्शकाची सवय आहे म्हणून बरंय." मला हसू आलं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आहे ते किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

तेव्हापासून माझ्या मागे हा घोर लागला. या माणसानं जे पाहिलं ते खरं होतं, हे त्याला दिसतंय तोवर सिद्ध करायचं. त्यासाठी एक ताजी बुरशी हवी होती. उंबरही होता, बुरशीही दरवर्षी उगवत होती. मग अडचण काय होती? अडचण होती इंदूबाई.

इंदूबाई म्हणजे एक शेलाटी, करारी बाई. पहाटे उठून फुलं खुडायची, टेम्पोत भरून बाजारात पाठवायची आणि मग आंघोळ करून उंबराला पाणी घालायची. सरांनी पहिली बुरशी नेली त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या लक्षात आलं, की तोडून नेली तरी त्याच जागी पुन्हा उगवली. दत्ताच्या पादुकांच्या अगदी वर, तीही भाद्रपदात. संपलं! हा साक्षात्कार आहे असं तिनं ठरवून टाकलं आणि बुरशीला शेंदूर फासला. नुसता वरून नाही. तेलात कालवून, वर, खाली, कडेनं, छिद्राछिद्रांत. मी गेले तेव्हा आमची नवी प्रजाती मारुतीसारखी लालबुंद होऊन बसली होती.

पुढे दरवर्षी तेच. बुरशी उगवायची आणि माझ्या आधी इंदूबाईंना दिसायची. एकदा शेंदूर लागला की ती देव, मग तोडायची सोय नाही. मी रोज थोडीच जाऊ शकणार होते मळ्यात? मी सांगून बघितलं, की ही बुरशी आहे, लाकूड खाऊन जगते, हिच्यात देव नाही. "उंबरात दत्त हाय ना मॅडम?" त्या विचारायच्या. "मग उंबरातून जे निघतं त्यात कोण आसल?" यावर काय बोलणार, कप्पाळ? मी विनंती केली, चिडले, एकदा तर दिवाळीचा फराळ घेऊन गेले. त्यांनी फराळ ठेवून घेतला, मला शेवंतीची जुडी दिली आणि शेंदूर लावायचा तो लावलाच. चोरून तोडावी असं मनात आलं नाही असं नाही. पण त्यांचा कुत्रा मला ओळखत असूनही दर वेळी पहिल्यांदा बघितल्यासारखा अंगावर यायचा.

आणि तरी एक गोष्ट मला मनातल्या मनात कबूल करावी लागायची. आसपासच्या मळ्यांतली वाळकी झाडं कधीच तोडली गेली होती. तिथं बंगले आले होते, द्राक्षांच्या बागा आल्या होत्या. मेलेलं लाकूड कुणी उभं ठेवत नाही. हा उंबर अर्धा मेला तरी उभा होता तो या बाईच्या हट्टामुळे, आणि मेलेलं लाकूड होतं म्हणून बुरशी होती. या विचारानं राग कमी व्हायला हवा होता. उलट तो वाढायचा, कारण ज्याच्यावर रागवायचं त्याचेच उपकार असले की माणसानं तोंड कुठे लपवायचं?

त्या वर्षीचा भाद्रपद मला आजही जसाच्या तसा आठवतो. पावसानं छान उघडीप दिली होती, पुन्हा भुरभुर, पुन्हा ऊन. रस्त्याच्या कडेला मूर्तींचे मांडव, हवेत रंगाचा आणि ओल्या ताडपत्रीचा वास. भारनियमनामुळे वीज दिवसातून केव्हाही जायची आणि केव्हा येईल ते तीच जाणे. गणेश चतुर्थीच्या सकाळी, मी पुरणाला हात लावणार तेवढ्यात, इंदूबाईंच्या मुलाचा फोन आला. "आईनं सांगितलंय, उगवलाय. तुम्हाला बघायला यायचं तर या. शेंदूर दुपारी लावणार." बघायला! मी तशीच निघाले. सासूबाई मागून म्हणत होत्या, "अगं आज चतुर्थी, घरात गणपती बसलाय, आणि तू बुरशीकडे चाललीस?" वाटेत सरांना घेतलं. ते येणार नाहीत असं वाटलं होतं. ते बूट घालून दारातच उभे होते.

उंबराजवळ पोहोचलो तेव्हा तळव्याएवढी, कोवळी, ओली बुरशी खोडातून बाहेर आलेली. खालचं अंग दुधासारखं पांढरं. सर जवळ गेले, मान वाकडी करून डाव्या डोळ्याच्या नळीत ती बसवली आणि कितीतरी वेळ बघत राहिले. "हाईच शे ती," ते पुटपुटले. हीच आहे ती. इंदूबाई बाजूला शेंदराची वाटी घेऊन उभ्या.

"इंदूबाई, आज नका लावू," मी म्हणाले.

"असं कसं? आज चतुर्थी हाय. आज आलाय तो. आजच लावायचा."

"आम्हाला ती ताजी हवीय हो! सरांच्या डोळ्यांचं बघताय ना तुम्ही?"

"बघते ना. लय वाईट वाटतं मला. पण देवाला असं उपटून न्यायचं? बसलेल्या देवाला कोणी उचलतं का मॅडम?"

माझा तोल गेला. इतक्या वर्षांचं सगळं वर आलं. "मग गणपतीला कसं उचलता?" मी ओरडले. "उत्तरपूजा करता आणि पाण्यात बुडवता ना? करा याची पण उत्तरपूजा आणि द्या निरोप! सोडवा एकदाचं!"

कुत्रा भुंकायला लागला. मी जीभ चावली. आता ही बाई आपल्याला मळ्यात पाऊल ठेवू देणार नाही, असं वाटलं.  इंदूबाईंनी शेंदराची वाटी चौथऱ्यावर ठेवली.

"हे आधी का नाय सांगितलं मॅडम?" त्या म्हणाल्या. "उत्तरपूजा केली की मग हलवायला काय हरकत हाय?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. एवढी वर्षं मी त्यांना पेशी, धागे, बीजाणू समजावत बसले होते, आणि त्यांना हवा होता फक्त रीतसर निरोप. पण आता नवीन घासाघीस सुरू झाली. किती दिवसांचा? त्यांच्या घरी देव अनंत चतुर्दशीपर्यंत असतो. तोवर बुरशी लाकडासारखी झाली असती. "दीड दिवसाचा करा," सर एकदम म्हणाले. "पुष्कळांकडे असतो." इंदूबाईंनी विचार केला. दीड दिवसाचा चालेल, पण शेंदूर तर लावावाच लागेल. "पाठीला लाव," सर म्हणाले, "पोटाला हात लावू नको." वरच्या कवचाला शेंदूर लागला तरी चालणार होतं, बीजाणू सोडणारी छिद्रं खालच्या बाजूला होती. मान्य झालं. मला आयुष्यात इतकं अवघड करारपत्र कधी करावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हजर. चाकू स्पिरिटनं पुसलेला, निर्जंतुक पिशव्या, आइस्क्रीमच्या डब्यात बर्फ. इंदूबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आरती म्हटली. मी मनात देवाला नवस बोलत होते, की अक्षता खालच्या अंगाला चिकटू देऊ नकोस. मग त्यांनी पदराखालून एक वाटी काढली.

"ते काय?"

"दही."

"दही नको!" माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. दही म्हणजे जिवंत जंतूंचा आणि किण्वाचा, यीस्टचा, साठा! आणि ते आमच्या नमुन्यावर!

"अहो, निघताना देवाच्या हातावर दही घालतात," इंदूबाई शांतपणे म्हणाल्या. "दही घातल्याबिगर परत कसा येईल तो?"

मी सरांकडे पाहिलं, की आता तरी काही बोला. सरांनी खांदे उडवले. "परत यायला तर हवी ना," ते म्हणाले. इंदूबाईंनी चमचाभर दही शेंदरावर घातलं, ते ओघळलं, मी जिवाच्या आकांतानं कापूस लावून पुसलं. मग त्यांनी सरांना सांगितलं, तुम्ही वडीलधारे, तुम्ही हलवा. सरांनी दोन्ही हातांनी बुरशी धरली आणि हलकेच हलवली. देव कधी मानला नाही या माणसानं. पण हलवताना त्यांनी डोळे मिटले होते, आणि मी कापूस तसाच हातात धरून दुसरीकडे बघितलं.

"आता विसर्जन कुठं?" इंदूबाईंनी विचारलं.  हे कुणी ठरवलंच नव्हतं. सर म्हणाले, "पुण्याला नेतोय. तिथं करतो." आणि खोटं नव्हतं ते. वासंती पुढे त्या बुरशीचे तुकडे वाटून कसल्याशा पाण्यात विरघळवणारच होती.

नाशिकच्या द्वारका चौकातून पुण्याची टॅक्सी पकडली तेव्हा समोर ढोलांची एक मिरवणूक आडवी आलेली. मांडीवर आइस्क्रीमचा डबा. शेजारचे गृहस्थ संगमनेरपर्यंत त्याच्याकडे बघत होते, शेवटी न राहवून म्हणाले, "वितळेल हो, खाऊन टाका." मी डबा आणखी घट्ट धरला. बोलायला लागले असते तर थांबले नसते.

निम्मी बुरशी वासंतीकडे दिली, निम्मी परत आणली आणि पत्र्याच्या डब्यात बल्ब लावून वाळवली. वीज जायची तेव्हा डबा उचलून गॅसच्या शेगडीजवळ न्यायचा. स्वयंपाकघरात गौरींच्या फराळाचा बेसनाचा वास आणि त्यात हा ओल्या पालापाचोळ्याचा. सासूबाईंनी अबोला धरला. तो त्यांनी गौरी उठल्यावर सोडला.

मग वासंतीचा फोन. "अगं, ओळ वाचली. जुळली."

 "जुळली? कशाशी?"

"किण्वाशी. पावात, दह्याबिह्यात असतं ना, तसलं काहीतरी."

दही! मी फोनवरच रडकुंडीला आले. वासंती म्हणाली, कशाचंही असू शकेल, हवेतलंही असेल, दह्यालाच का दोष देतेस? पण मला माहीत होतं. मी सरांना सांगितलंही नाही. वासंतीला म्हटलं, बाई गं, वरचं खरवडू नकोस, मधोमध चीर, अगदी आतला गर घे, जिथं शेंदूर नाही, दही नाही, माणसाचा हातही नाही. तिनं तसं केलं. पुन्हा वाट बघणं. या विद्येत वाट बघण्याचेच गुण असते तर मी पहिली आले असते. अखेर पितृपक्षात पुन्हा फोन आला. या वेळी ओळ स्वच्छ होती. तिनं ती जगभरच्या साठ्याशी ताडली होती, दोनदा. जवळचे नातेवाईक सापडले, पण ती स्वतः कुठेच नव्हती.

"नवी आहे," वासंती म्हणाली. "सर बरोबर होते गं."

वाटतं ना, इथं संपलं? छे! पुढे लॅटिन. तेव्हा नव्या प्रजातीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावंच लागायचं. नाशिकच्या बुरशीबद्दल रोमन माणसाला काय पडलंय, मी वैतागून विचारायचे. सर मात्र शब्दकोश मांडीवर घेऊन मला घोटवत होते. मग नावावरून भांडण. बुरशीला सरांचं नाव द्यावं असं माझ्या मनात होतं. पण शोधणाऱ्यानं स्वतःचंच नाव द्यायचं नाही असा या क्षेत्राचा संकेत. म्हणजे नाव हवं तर लेखकांतून बाहेर पडा. "मी बाहेर पडू?" सर कडाडले. "मी पाहिली आहे ती!" शेवटी उंबरावरून नाव ठेवलं आणि सर लेखकांत पहिले राहिले. मग मासिकाचं म्हणणं, जुनं हातानं काढलेलं चित्र नको, फोटो द्या. सरांनी नव्वदीत ते बीजाणू, ते काटे, तो खांदा, सगळं सूक्ष्मदर्शकात बघत बघत शाईनं काढलं होतं. आमच्या फोटोत काटे अजूनही पुसट येत होते. मी कळवलं, की चित्र छापा नाहीतर लेख परत द्या. इतक्या उद्धटपणे मी आयुष्यात कुणाला लिहिलेलं नाही. त्यांनी दोन्ही छापायचं कबूल केलं.

छापून यायला पुढचा भाद्रपद उलटला. आणि तोवर डावा डोळाही गेला. एकदम नाही, नळी बारीक होत होत मिटली. मला कुणाचा राग यायला हवा होता ते अजून कळलेलं नाही. परीक्षकाचा? फॉर्मॅलिनचा? दह्याचा? मासिकाच्या रांगेचा? मला सगळ्यांचाच आला. अजूनही येतो. चार महिने, फक्त चार महिने आधी छापलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

अंक घेऊन मी सरांकडे गेले तेव्हा ते व्हरांड्यात बसले होते. मी सगळा लेख वाचून दाखवला. ते मधेमधे "हं" म्हणत होते, एक-दोनदा माझा उच्चार सुधारला. कौतुकाचा एक शब्द नाही. मग म्हणाले, "चित्र?"

"आहे ना सर. शेवटच्या पानावर."

"दाखव."

मी पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचं बोट चित्रावर नेलं. गुळगुळीत कागद. त्यांनी बोट इकडून तिकडे फिरवलं. "काही लागत नाही गं हाताला," ते म्हणाले.

 मी त्यांचं बोट धरलं आणि पहिल्या बीजाणूच्या कडेवर टेकवलं. हळूहळू रेषेवरून फिरवायला लागले. एका काट्यावरून दुसऱ्या काट्यावर. थोडं अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी ओढत नाहीये. बोट आपणच चाललंय. मी हात काढून घेतला. बोट वळलं, खांद्यापाशी वर चढलं, खाली उतरलं, अजिबात न चाचपडता. मूळ चित्र त्यांनी ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर काढलं होतं. मासिकानं ते काडेपेटीएवढं केलं होतं. बोट चित्राबाहेर गेलं, पानाच्या कडेवरून उतरलं आणि धोतरावर येऊन थांबलं.

सरांच्या कपाळाला आठी पडली.

"लहान केलंय यांनी," ते कडाडले. "कुणाला विचारून?"